जुन्या दात्यांवर नवी साखळी
(नभोवाणीवर झालेले भाषण)

सायकलवरून पडण्याचे माझे वय केव्हाच उलटून गेले, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. पंचवीस वर्षे वापरलेली माझी काळी सायकल दुरुस्तीला दिली आणि ती घेऊन घरी निघालो, त्या संध्याकाळी ही समजूत दूर झाली. जुनी साखळी गंजून ताठर झाली होती. दुकानदाराने ती काढून नवी कोरी साखळी घातली, तेल दिले, चाक फिरवून दाखविले. चाक सुरेख फिरत होते. आमच्या बेळगावात रेल्वेवरच्या पुलाचा चढ लागला, तेव्हा सवयीप्रमाणे मी बैठकीवरून उठून पायडलवर भार दिला. खाड्‌कन आवाज झाला, पाय रिकामा खाली गेला, आणि पुढच्याच क्षणी मी, सायकल आणि पिशवीतली भाजी अशी तिन्ही रस्त्यावर विखुरलो. गुडघ्यावरची खूण अजून आहे.

दुसऱ्या दिवशी मी तक्रार घेऊन गेलो. दुकानदार शांतपणे म्हणाला, "साहेब, चेन तर नवीकोरी आहे. दोष असेल तर तुमच्या सायकलीतच असेल." त्याचे म्हणणे एका अर्थी बरोबर होते, फक्त त्याने ते अर्धेच सांगितले. साखळी नवी होती, हाच तर दोष होता! मागचे फ्रीव्हील मात्र पंचवीस वर्षांचे होते. जुन्या व नव्या भागांची सोयरीक जमवताना काय पाहावयास हवे, हा विषय मी त्या दिवसापासून थोडा मन लावून अभ्यासला. त्यातले काही आज आपल्यापुढे मांडतो.

प्रथम माझ्या गुडघ्याचे कारण. सायकलची साखळी 'ताणली' जाते असे आपण म्हणतो, परंतु पोलादाच्या पट्ट्या काही ताणल्या जात नाहीत. झिजतात त्या पट्ट्यांना जोडणाऱ्या खिळी आणि त्यांच्याभोवतालची नळीसारखी भिंत. प्रत्येक सांध्यात केसाएवढी झीज झाली, तरी शंभरावर सांधे मिळून साखळी लांब होते. एका खिळीपासून दुसरीपर्यंतचे अंतर नव्या साखळीत बरोबर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असते. ते वाढत वाढत शेकडा एकाने वाढले, की १२.८३ च्या आसपास जाते. आता गंमत अशी, की साखळी लांबत असताना दातेही तिच्या जोडीने झिजत असतात. दात्यांमधल्या खाचा लांबट होतात आणि दाता एका बाजूला झुकल्यासारखा दिसू लागतो. अशा रीतीने दोघेही एकमेकांना सांभाळून घेत म्हातारे होतात. त्यांतली साखळी काढून नवी घातली, की तिचे अर्ध्या इंचाचे अचूक माप त्या लांबट खाचांशी जुळत नाही. भार एक-दोन दात्यांवरच येतो, आणि जोर लावताच साखळी त्या झुकलेल्या दात्यांवरून उडी मारते. सपाटीवर, उचलून धरलेल्या चाकावर, हे कधीच दिसत नाही. ते दिसते चढावर.

झीज सर्वांत आधी मागच्या चक्राला का लागते, तेही सोपे आहे. पुढे ४४ दाते आणि मागे १८ असतील, तर मागचा प्रत्येक दाता पुढच्यापेक्षा जवळजवळ अडीचपट वेळा साखळीच्या तोंडी जातो. म्हणून बहुधा पुढचे चक्र ठेवता येते. साखळी आणि फ्रीव्हील मात्र जोडीने बदलावे. निर्णय घेण्यास एक साधी फूटपट्टी पुरते. एका खिळीच्या मध्यावर पट्टीचे टोक धरावे आणि चोवीस अंतरे मोजावीत. नव्या साखळीत चोविसावी खीळ बरोबर बारा इंचांवर येते. ती सोळांश इंचाने पुढे गेली असेल, तर साखळी बदलण्याची वेळ आली. चक्रे बहुधा वाचतील. एक अष्टमांश इंच पुढे गेली असेल, तर चक्रांचाही हिशेब आटोपला असे समजावे. ही पट्टी वर्षातून दोनदा लावली असती, तर माझी भाजी वाचली असती.

आता हे अर्ध्या इंचाचे माप आले कुठून? मूळचे स्विस, परंतु इंग्लंडात मँचेस्टरला कारखाना चालविणारे अभियंते हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये खिळीभोवती नळी आणि नळीभोवती फिरता रोलर असलेली साखळी बनविली. आरंभीच्या कित्येक सायकलींना एक इंच अंतराची ठोकळेवजा साखळी असे. पुढे अर्ध्या इंचाची रोलरची साखळी सर्वत्र रूढ झाली, आणि ती आजतागायत तशीच राहिली आहे. आपल्या देशाने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे स्वीकारली, इंच-फूट पाठ्यपुस्तकांतून मागे पडले, पण खेड्यातल्या दूधवाल्याच्या सायकलीत आणि लाखो रुपयांच्या शर्यतीच्या सायकलीत तोच अर्धा इंच फिरतो आहे. जपानच्या शिमानो कंपनीने १९७० च्या दशकात धावपट्टीवरील शर्यतींसाठी दहा मिलिमीटर अंतराची साखळी काढून पाहिली. ती टिकली नाही. प्रस्थापित मापाची जरब अशी असते.

तेव्हा अंतर एकच आहे, मग कोणतीही साखळी कोणत्याही चक्रावर चालावी, असे वाटणे साहजिक आहे. येथेच पुष्कळ जण फसतात. कारण साखळीला लांबीबरोबर रुंदीही असते, आणि तीही दोन प्रकारची: आतली आणि बाहेरची.

आतली रुंदी म्हणजे दोन आतल्या पट्ट्यांमधली जागा, जिच्यात दाता शिरतो. आपल्या नेहमीच्या एका गतीच्या सायकलीत ही जागा एक अष्टमांश इंच, म्हणजे ३.१८ मिलिमीटर असते. गियरच्या सायकलींत, मागे पाचपासून आठपर्यंत चक्रे असतील तेथे, ती तीन बत्तिसांश इंच, म्हणजे २.३८ मिलिमीटर असते. नऊ चक्रांपासून पुढे ती २.१८ पर्यंत खाली येते. जाड दात्याच्या जुन्या चक्रावर अरुंद साखळी घातली, तर ती दात्यांत बसतच नाही, वरच्या वर तरंगत राहते. उलट, एकाच गतीच्या सायकलीत बारीक दात्यावर रुंद साखळी घातली, तर ती थोडी खडखडते, पण चालते. ढगळ सदरा घालता येतो. आखूड सदरा घालता येत नाही.

बाहेरची रुंदी मात्र याच्या उलट वागते. मागे चक्रांची उतरंड असेल, तर साखळीच्या बाहेरच्या पट्ट्या शेजारच्या चक्राला घासता कामा नयेत. येथे थोडे अंकगणित करण्यावाचून गत्यंतर नाही. श्रोत्यांनी क्षमा करावी. शिमानोच्या आठ चक्रांच्या संचात एका चक्राच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत ४.८ मिलिमीटर असतात आणि चक्राची जाडी सुमारे १.८. म्हणजे आपल्या चक्राच्या मध्यापासून शेजाऱ्याच्या भिंतीपर्यंत ३.९ मिलिमीटर जागा उरली. आठ चक्रांची साखळी बाहेरून सुमारे ७.१ मिलिमीटर रुंद. तिची अर्धी रुंदी साडेतीनच्या किंचित वर. साखळी सुखाने जाते. हीच साखळी दहा चक्रांच्या संचावर नेली, तर तेथील अंतर ३.९५ आणि जाडी सुमारे १.६. भिंतीपर्यंतची जागा उरते ३.१५. साडेतीन मिलिमीटरचा गडी सव्वातीन मिलिमीटरच्याही आतल्या दारातून जाणार कसा? तो शेजाऱ्याच्या भिंतीला अंग घासत जातो, आणि मध्येच शेजाऱ्याच्या घरात चढून बसतो. याउलट, नऊ चक्रांची अरुंद साखळी आठ किंवा सात चक्रांच्या संचावर बहुतेक वेळा बिनतक्रार चालते. तेव्हा गियरच्या सायकलीत जुन्या चक्रांवर थोडी नवी साखळी चालेल, पण नव्या चक्रांवर जुनी साखळी चालणार नाही. पुढच्या दोन जुन्या चक्रांमधली जागा फार ऐसपैस असेल, तर अतिशय अरुंद साखळी क्वचित त्यांच्या मध्ये पडून अडकते, एवढे ध्यानात ठेवावे.

अलीकडे या नियमाला अपवादही निघाले आहेत. स्रॅम या अमेरिकन कंपनीने २०१९ मध्ये रस्त्यावरील शर्यतीच्या सायकलींसाठी बारा चक्रांचा जो संच काढला, त्याच्या साखळीचे रोलर नेहमीपेक्षा जाड आहेत. अर्धा इंच तोच, पण खाच निराळी. असल्या संचात बाहेरचा भाग मिसळण्याच्या भानगडीत पडू नये.

साखळी जोडण्याविषयी एक शब्द. जुन्या रुंद साखळीला आपल्याकडे चेनचे लॉक म्हणतात ती स्प्रिंगची चिमटीदार कडी असते. तिचे बंद तोंड साखळीच्या धावण्याच्या दिशेकडे ठेवावयाचे असते. उलटे ठेवले तर कशाला तरी अडकून ते निघून येते. अरुंद साखळीला ही कडी चालत नाही, कारण ती बाजूला फुगते. काढलेली खीळच पुन्हा ठोकून बसविण्याची जुनी रीत अरुंद साखळीत धोक्याची आहे. तेथे कंपनीने दिलेली नवी खीळ किंवा तिची स्वतःची जोडकडीच वापरावी. भर चढावर साखळी तुटली, तर काय होते याचा अनुभव घेण्याचे कारण नाही. माझा गुडघा पुरे आहे.

येथवरच्या गोष्टी काळ्या सायकलीला लागू आहेत. गियरच्या सायकलीत आणखी एक पाहुणा येतो, आणि त्याच्या संबंधात माझ्या पुतण्याने केलेला खटाटोप सांगण्यासारखा आहे. त्याने कोणाकडून तरी १९८० च्या दशकातली एक पोलादी गियरची सायकल मिळविली. मागे सहा चक्रे, पुढे दोन, आणि तिरक्या नळीवर दोन छोटे दांडे. त्याने मागचे चाक बदलून आठ चक्रांचे आणले, नवा डिरेलर आणला, म्हणजे साखळीला एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा तो दोन चाकांचा लोंबता हात, आणि स्वस्तात मिळाला म्हणून हँडलवर बसणारा नऊ टप्प्यांचा दांडाही आणला. म्हणाला, "काका, नऊमध्ये आठ येतातच की! एक टप्पा रिकामा राहील, एवढेच."

चार संध्याकाळ आम्ही दोघे त्या सायकलीपुढे बसलो. पहिला गियर नीट पडे, दुसरा बरा, चौथा कुरकुरे, आणि सहाव्याला साखळी कोणत्या चक्रावर आहे हे तिचे तिलाच कळत नसे. तार ताणून सहावा नीट केला, की पहिला बिघडे. दोष तारेचा नव्हता, मापाचा होता.

पूर्वीच्या दांड्यांना टप्पे नव्हते. दांडा नुसता घर्षणाने जागेवर राही, आणि साखळी चक्रावर नीट बसली की नाही हे स्वार कानाने ओळखी. फ्रान्सच्या प्रसिद्ध 'तूर द फ्रान्स' शर्यतीत १९३७ पासून डिरेलरला परवानगी मिळाली. तेव्हापासून जवळजवळ अर्धशतक शर्यतपटूंनी याच दांड्यांवर काम भागविले. शिमानोने १९८४ मध्ये आपल्या ड्युरा-एस या मालिकेत टप्प्यांचा दांडा आणला. बोटाने एक टिचकी द्यावी, आणि साखळी बरोबर एक चक्र ओलांडून जावी! सोय मोठीच झाली. परंतु कानाचे काम आता दांड्याच्या पोटातल्या दातेरी चकतीकडे गेले, आणि त्या चकतीला एकच पाढा पाठ असतो.

तो पाढा असा. त्या कंपनीचा आठ टप्प्यांचा दांडा एका टिचकीला सुमारे २.८ मिलिमीटर तार ओढतो. डिरेलर त्या ओढीची सुमारे १.७ पट करतो. गुणाकार ४.७६, म्हणजे चक्रांतील ४.८ च्या अंतराला पुरेसा जवळ. नऊ टप्प्यांचा दांडा तार ओढतो सुमारे २.५ मिलिमीटर, त्याच डिरेलरने त्याचे होतात सव्वाचार. तो नऊ चक्रांच्या अरुंद अंतरासाठी बनविलेला आहे. आठ चक्रांवर तो दर टिचकीला सुमारे अर्धा मिलिमीटर कमी पडतो. पहिल्या टप्प्याला हे कोणाच्या लक्षातही येत नाही; सात टिचक्यांत मात्र तीन-साडेतीन मिलिमीटरची तूट साचते, आणि साखळी दोन चक्रांच्या मध्ये लोंबकळत राहते. उसनवारीच्या हिशेबासारखाच हा प्रकार आहे.

या गुणाकारातून एक उपयोगी गोष्ट निघते. टिचकीचा आकडा दांड्यात आहे, अंतराचा आकडा चक्रांत आहे. ह्या दोघांचे जुळलेच पाहिजे. डिरेलर मधला दलाल आहे. त्याचे प्रमाण तेच असेल, तर त्याच्यावर 'आठ' लिहिले आहे की 'नऊ' याला फारसे महत्त्व नाही. मात्र सगळ्या डिरेलरांचे प्रमाण एकच नसते. त्या पहिल्या ड्युरा-एस मालिकेचेच प्रमाण त्याच कंपनीच्या इतर मालिकांहून निराळे होते. आणि २०१० च्या सुमारास डोंगरी सायकलींच्या दहा चक्रांच्या संचापासून कंपनीने ते पुन्हा बदलले. त्यामुळे एकाच नावाचे, एकाच कंपनीचे दोन भागही परस्परांना ओळखत नाहीत असे घडते. दुकानात नाव विचारू नये, माप विचारावे, असे मी पुतण्याला सांगितले. तो म्हणाला, "काका, माप विचारले की दुकानदार आपल्यालाच विचारतो, तुम्हांला काय करायचंय?" हेही खरेच आहे.

मागच्या चाकाची जागा हा प्रश्न त्याने माझ्या नकळत सोडविला होता. जुन्या सहा-सात चक्रांच्या चौकटीत मागच्या चिमट्याच्या आतली जागा १२६ मिलिमीटर असते, आणि आठ चक्रांच्या रस्त्यावरील चाकाला १३० लागते. पोलादी चिमटा दोन्ही बाजूंना दोन-दोन मिलिमीटर हाताने फाकवून चाक बसविता येते. पोलाद तेवढे सहन करते. त्याहून जुन्या पाच चक्रांच्या चौकटीत १२० च असतात. तेथे दहा मिलिमीटर फाकविणे हे जाणत्या मिस्त्रीचे काम आहे, कारण दोन्ही बाजू सारख्या फाकल्या पाहिजेत आणि आस बसते ती टोके पुन्हा समांतर करावी लागतात. ॲल्युमिनियमच्या किंवा कार्बनच्या चौकटीवर हा प्रयोग कधीही करू नये. ती वाकत नाही, तडकते.

आट्यांविषयी मात्र मला थोडे कळकळीने सांगावयाचे आहे, कारण येथे चूक झाली तर ती सुधारता येत नाही. फ्रीव्हील मागच्या हबवर आट्यांनी बसते. इंग्रजी धाटणीच्या हबचा व्यास १.३७ इंच, म्हणजे ३४.८ मिलिमीटर, आणि एका इंचात २४ आटे. जुन्या फ्रेंच हबचा व्यास ३४.७, आणि आटे एकेका मिलिमीटरवर. डोळ्यांना फरक दिसत नाही, बोटालाही लागत नाही. परंतु इंचात २४ म्हणजे एकेक आटा १.०६ मिलिमीटरचा, आठ वेढ्यांत फरक जवळजवळ अर्ध्या आट्याचा होतो. इंग्रजी फ्रीव्हील फ्रेंच हबवर सैलसर का होईना चढते, आणि भार आला की आटे उतरवून टाकते. फ्रेंच फ्रीव्हील इंग्रजी हबवर एक-दोन वेढे जाऊन अडते. तेव्हा 'घट्ट आहे, पण बसेल' असे म्हणून पाना लावला की हबचे आटे कायमचे जातात. हाताने चार वेढे सहज गेले नाहीत, तर तेथेच थांबावे.

पायडलांच्या मधल्या आसाच्या वाट्यांचेही असेच. इंग्रजी पद्धतीत साखळीच्या बाजूच्या वाटीचे आटे उलटे असतात. इटालियन पद्धतीत दोन्ही बाजूंचे सुलटे. नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीने तर आपल्या पुष्कळ सायकलींत इंचाला २४ ऐवजी २६ आट्यांच्या वाट्या वापरल्या. रॅले हे नाव आपल्याकडे घरोघर होते, म्हणून ज्यांच्याकडे आजोबांची जुनी रॅले असेल, त्यांनी तिच्या मूळ वाट्या खराब झाल्याखेरीज काढू नयेत, आणि काढल्या तर फेकू नयेत. आत सहसा छर्रे आणि आस एवढेच बदलावे लागते.

फ्रीव्हीलच्या आट्यांची कटकट पुढे मिटली, ती १९७८ मध्ये शिमानोने आणलेल्या हबमुळे. त्यात चाक मोकळे सोडणारे खटके हबच्याच अंगात गेले आणि चक्रे खाचांवर सरकवून बसवू लागले. या चक्रांच्या जुडग्याला 'कॅसेट' म्हणतात. गाण्यांच्या कॅसेटशी तिचा संबंध नाही. आठ, नऊ आणि दहा चक्रांच्या बहुतेक कॅसेटी त्या कंपनीच्या एकाच हबवर बसतात, आणि सात चक्रांचीही बसते, फक्त मागे साडेचार मिलिमीटरची एक कडी घालावी लागते. आमचे बेळगाव लेथचे आणि ओतकामाचे गाव आहे; असली कडी उद्यमबागेत कोणीही चहा होईतो कातून देईल.

पुतण्याच्या सायकलीचे पुढे काय झाले, ते सांगतो. नऊ टप्प्यांचा दांडा आम्ही काढून ठेवला. आठचा आणावयास त्याच्याजवळ पैसे नव्हते, आणि मी ते दिले नाहीत. तिरक्या नळीवरचे जुने, टप्पे नसलेले दांडे अजून शाबूत होते. मी ते साफ करून पुन्हा लावले. त्यांना कोणताच पाढा येत नाही, म्हणून त्यांना सहा चक्रे काय अन् आठ काय, सारखीच. साखळी आठ चक्रांची, पुढची दोन चक्रे चाळीस वर्षांपूर्वीची, चिमटा चार मिलिमीटर फाकविलेला, आणि वाट्या मूळच्या. पहिले दोन दिवस त्याला दांडा किती ओढावा हे कळेना. तिसऱ्या दिवसापासून तो मला कानाने गियर ओळखून दाखवू लागला. माझ्या काळ्या सायकलीला मी नवे फ्रीव्हील बसवून घेतले आहे, दुसऱ्या दुकानात. पुलाच्या चढावर मात्र अजून मी बैठकीवरून उठत नाही.